देवळाच्या आवारातील जहाज

हैदराबादेत वकिली करणाऱ्या माणसाच्या वाट्याला समुद्र येत नाही. जिकडे जावे तिकडे खडक, तलाव आणि पुन्हा खडक. 'सागर' म्हणावयाचा तो हुसेनसागर, आणि त्याचे सागरत्व नावापुरतेच. आमचे घराणे मूळचे गोमंतकातील. पणजोबा चाकरीनिमित्त निजामाच्या राज्यात आले आणि इकडचेच झाले. घरात भाषा दोन राहिल्या, बैठकीत मराठी आणि स्वयंपाकघरात कोंकणी. आजीच्या बोलण्यात मात्र समुद्र अखेरपर्यंत टिकून होता. नामपल्ली स्टेशनावर गाडीला उशीर झाला की ती म्हणावयाची, "तारूं आजून लागूंक ना." तारू कसे असते हे तिच्या नातवंडांपैकी एकानेही पाहिलेले नव्हते, तिने स्वतः तरी पाहिले होते की नाही, कोण जाणे.

हे आठवण्यास कारण घडले ते गेल्या उन्हाळ्यात. माझी भाची नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये असते. तिच्याकडे पंधरवडाभर राहावयास गेलो असता स्टॉकहोमच्या इतिहास-संग्रहालयात वायकिंग लोकांविषयीचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. वायकिंग म्हटले की शिंगांचे शिरस्त्राण घातलेला दाढीवाला लुटारू आपल्या डोळ्यांपुढे येतो. ती शिंगे, प्रदर्शनात शिरताच समजले, त्यांची नव्हेत. १८७६ साली जर्मनीत वाग्नरच्या संगीतनाटकासाठी जो पोशाख तयार झाला, त्यातून ती लोकांच्या कल्पनेत शिरली. आपल्याकडेही पौराणिक नाटकांच्या कंपन्यांनी देवादिकांना जे मुकुट दिले तेच आपण पुढे खरे मानू लागलो, तसाच हा प्रकार. वायकिंग ही जातही नव्हे. दर्यावर स्वारीस निघणाऱ्याला त्यांच्या जुन्या भाषेत जी संज्ञा होती, ती पुढे साऱ्या लोकांना चिकटली. ७९३ साली त्यांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिस्फार्नचा मठ लुटला, तेथून त्यांचा काळ मोजण्याची पद्धत आहे. त्यानंतरच्या दोन-अडीच शतकांत त्यांनी आइसलंड वसविले, ग्रीनलंड गाठले आणि कोलंबसाच्या कितीतरी आधी अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवला. न्यूफाउंडलंड बेटावर त्यांच्या वस्तीचे अवशेष १९६० साली सापडले, आणि तेथील लाकडे १०२१ साली तोडली गेली होती हे २०२१ मध्ये लाकडांतील वर्तुळांवरून निश्चित झाले. बरोबर हजार वर्षांनी हा निकाल लागला! आमच्या न्यायालयांतील विलंबाची थट्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पूर्वेकडे हेच लोक नद्यांच्या वाटेने व्होल्गेपर्यंत उतरत. गॉटलंड बेटावर १९९९ साली सापडलेल्या एका ठेव्यात सुमारे ६७ किलो चांदी निघाली, आणि त्यात चौदा हजारांहून अधिक नाणी, बहुतेक अरबांची! मालारन सरोवरातील हेल्गो बेटावर १९५६ साली तर पितळेसारख्या धातूची एक ध्यानस्थ बुद्धमूर्ती मिळाली, उंची सुमारे साडेआठ सेंटिमीटर. ती स्वातच्या खोऱ्यात सहाव्या शतकाच्या सुमारास घडली असे जाणकार मानतात. काचेच्या पेटीतील त्या चिमुकल्या मूर्तीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. भाचीला वाटले, मामांना गावची आठवण झाली.

खरी आठवण झाली ती त्यानंतर. पुढल्या दालनात गॉटलंडच्या चित्रशिला मांडलेल्या आहेत. त्यांपैकी चांगविदे नावाच्या शेतवाडीत १८४४ साली मिळालेली एक शिला पुरुषभर उंचीची, चुनखडीच्या दगडाची आहे. तिच्या खालच्या भागात भले मोठे शीड उभारलेले जहाज आणि त्यात दाटीने बसलेली माणसे. वरच्या भागात आठ पायांच्या घोड्यावर बसलेला एक वीर, आणि त्याच्या स्वागतास पेयाचे शिंग हातात घेऊन पुढे आलेली एक स्त्री. शेजारच्या फलकावर खुलासा होता: रणात पडलेला वीर परलोकी जात आहे, तेथील दिव्य स्त्री त्याला सामोरी आली आहे, कडेला कोरलेल्या लिपीत ही शिला भावाच्या स्मरणार्थ उभारल्याचा उल्लेख आहे. माझ्या तोंडून उद्गार निघाला, "अग, हा तर वीरगळ!" आणि आजूबाजूच्या चार-दोन स्वीडिश मंडळींनी वळून पाहिले.

वीरगळ म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नसावी. पण देवळाच्या आवारात तो असूनही आपण त्याला ओळखत नाही, असा माझा अनुभव आहे. शब्द मुळात कानडी, 'वीरकल्लु', म्हणजे वीराचा दगड. साधारणतः तो तीन किंवा चार पट्ट्यांत कोरलेला असतो आणि खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खाली लढाई आणि वीराचे पतन. त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेत आहेत. त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. शिखरावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर ही कीर्ती राहील. दोन्ही शिलांचा क्रम एकच: खाली मृत्यू, वर स्वागत. तिकडे शिंग घेतलेली वाल्किरी, इकडे चवरी घेतलेली अप्सरा. उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांनी आणि कोकणच्या लोकांनी एकमेकांचे पाहून हे केले, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय नातेसंबंध जोडणे माझ्या व्यवसायात चालत नाही. पण ज्यांची माणसे घर सोडून दूर मरतात त्यांना दगडाची गरज लागते, एवढे तरी यावरून दिसते.

हैदराबादेस परतल्यावर पहिल्याच रविवारी बाग-ए-आममधील सरकारी पुराणवस्तुसंग्रहालयात गेलो. मुले तेथे इजिप्तची ममी पाहावयास गर्दी करतात. मी वीरगळांचा विचार करीत होतो. तेलंगणाच्या वीरगळांवर घोडेस्वार असतात, पळवलेली गुरे सोडविताना पडलेले गावकरी असतात, वाघाशी झुंजणारे शिकारी असतात, जहाज नसते. कसे असावे? तथापि याच भूमीवर ज्यांचे राज्य होते त्या सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांची ही नाणी पूर्व किनाऱ्याच्या बाजूस मिळतात. पैठणच्या राजांनी नाण्यावर जहाज घालावे, ही गोष्ट आपल्या शाळकरी इतिहासात एका ओळीत येते आणि तशीच जाते.

जहाज कोरलेले वीरगळ पाहावयाचे तर कोकणातच उतरले पाहिजे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे आहेत. एकूण सहा शिला, त्यांपैकी चारांवर समुद्रयुद्ध. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांचे वर्णन बारकाईने दिलेले आहे. एका शिलेच्या तळाशी उंच नाळेची पाच गलबते वल्ही मारीत चालून जात आहेत. वरच्या पट्ट्यांत हातघाईची लढाई, मग स्वर्गारोहण, मग शिवपूजा. माणसे मध्येच पाण्यात पडताना दाखविली आहेत. मूर्तिकाराने समुद्र लांबून ऐकलेला नव्हता, हे कोणालाही कळावे.

ही लढाई कोणाची? बहुतेक अभ्यासकांच्या मते १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने उत्तर कोकणच्या सोमेश्वर शिलाहारावर जी स्वारी केली, तिचे हे स्मारक. महादेवाचा मंत्री हेमाद्री, आपला हेमाडपंत, याने आपल्या ग्रंथातील राजप्रशस्तीत या युद्धाचा उल्लेख केला आहे. सोमेश्वर पोहण्यात पटाईत असूनही सैन्यासह समुद्रात बुडाला, महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रातील वडवाग्नी त्याने पत्करला, अशा आशयाचे ते वर्णन आहे. हत्तीघोड्यांवर भरवसा ठेवणाऱ्या डोंगरावरच्या राजाने शेवटी समुद्रावर जाऊन शत्रूला गाठले, ही खरोखरच मोठी घटना होय. काही विद्वान मात्र हे दगड त्याहून दोन शतके जुने मानतात आणि माळव्याच्या भोजाच्या कोकणविजयाशी त्यांचा संबंध जोडतात. शिलांवर राजाचे नाव नाही. तेव्हा वकिली भाषेत सांगावयाचे तर यादव-शिलाहारांचा पक्ष अधिक संभाव्य आहे, सिद्ध नाही. पण नाव नसल्याने माझ्या दृष्टीने दगडाचे मोल कमी होत नाही. बुडालेल्या राजाचे नाव हेमाद्रीने ठेवले. बुडालेल्या तांडेलाचे नाव कोणी ठेवले नाही, त्याचे फक्त वल्हे राहिले.

गोव्यातही अशा शिला आहेत. जुन्या गोव्यात १९६४ पासून जे पुरातत्त्व संग्रहालय आहे, तेथे कदंबकालीन वीरगळ ठेवलेले आहेत आणि त्यांत नौकायुद्धाची दृश्ये आहेत. गोव्याचे कदंब हे आधी चंद्रपुरास, म्हणजे आजच्या चांदर येथे, आणि अकराव्या शतकाच्या मध्यापासून जुवारीच्या काठी गोपकपट्टणास राहून राज्य करीत. सप्तकोटीश्वर हे त्यांचे आराध्य दैवत. राज्य लहान, पण बंदराचे. आणि बंदराच्या राज्याला नांगरापेक्षा गलबत अधिक देते.

येथे कोणी विचारील, नॉर्वे-डेन्मार्ककडे प्रत्यक्ष जहाजे आहेत, मग आपल्याकडे नुसती चित्रेच का? प्रश्न रास्त आहे. ऑस्लोजवळ १८८० साली गोकस्टाडचे आणि १९०४-०५ साली ओसेबर्गचे जहाज टेकाडे खणून काढण्यात आले. ओसेबर्गच्या जहाजात दोन स्त्रियांना रथ, खाटा, विणकामाच्या वस्तू यांसह पुरलेले होते, आणि ते साल ८३४ होते इतके नेमके ठरले आहे. डेन्मार्कमधील रोस्किल्डच्या खाडीतून १९६२ साली पाच जहाजे काढली. शत्रूची वाट अडविण्यासाठी ती १०७० च्या सुमारास मुद्दाम बुडविलेली होती. त्यांतील एक लढाऊ जहाज डब्लिनला १०४२ च्या सुमारास बांधलेले, हेही लाकडावरूनच समजले. तेथे टेकाडांच्या निळ्या चिकणमातीने आणि गार पाण्याने लाकूड राखले. आपल्या उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा काही वर्षांतच गलबताची चाळण करतो. शिवाय त्यांची जहाजे लोखंडी खिळ्यांनी जोडलेली, तर आपल्या समुद्रावरची पुष्कळ जहाजे काथ्याने शिवलेली. लाकूड गेले, काथ्या गेला. खिळासुद्धा मागे उरावयाचा नाही. म्हणून कोकणात जहाज पाहावयाचे ते दगडावर.

दगडाखेरीज दुसरा साक्षीदार म्हणजे तांबे. त्याची साक्ष सांगण्यापूर्वी एका दशकाकडे मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ९१६ साली बगदादचा अल्-मसूदी चौलास आला होता. चौलाला अरब लोक सैमूर म्हणत. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत आणि त्यांच्यातील तंट्यांचा निवाडा करण्यासाठी राजाने त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमलेला असे, असे तो लिहितो. त्यानंतर सहाच वर्षांनी, ९२२ साली, बगदादच्याच खलिफाचा दूत इब्न फदलान व्होल्गेच्या काठी वायकिंगांच्या शाखेतील रूस व्यापाऱ्यांना भेटला आणि त्यांच्या एका नायकाचा अंत्यविधी त्याने पाहिला. जहाज काठावर ओढून त्यात प्रेत ठेवले, एका दासीला मारून त्याच्याबरोबर दिले आणि सारे पेटवून दिले. जवळचा एक रूस मनुष्य त्याला हसून म्हणाला की, तुम्ही अरब वेडे. आपल्या प्रिय माणसाला किड्यांसाठी मातीत टाकता, आम्ही त्याला अग्नीत देतो आणि तो क्षणात स्वर्गास जातो. हे वाचून अग्निसंस्काराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यापैकी काहींना बरे वाटेल. पण त्या दासीचा विसर पडू देऊ नये. आपल्याकडेही वीरगळाशेजारी पुष्कळदा दुसरा दगड असतो, त्यावर बांगड्या भरलेला एकच हात कोपरापासून उभा असतो. तो सतीचा.

तिसरी गोष्ट ९२६ सालची. डहाणूजवळ चिंचणी येथे मिळालेल्या ताम्रपटावरून दिसते की, राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार एक ताजिक, म्हणजे अरब, पाहत होता. त्याचे नाव ताम्रपटात मधुमती असे संस्कृत करून घेतले आहे. मूळ नाव महंमद, हे उघड आहे. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तरी ठेवली, वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नसत्र घातले, आणि देवीच्या मठिकेस गाव व जमीन दिली. चौल, व्होल्गा, संजाण. दहा वर्षांच्या आत तीन ठिकाणी बगदादच्या वाटेवरची माणसे समुद्राच्या आणि नदीच्या लोकांशी व्यवहार करीत होती. गॉटलंडच्या ठेव्यातील नाण्यांचा कोडगेपणा त्यामुळे थोडा उलगडतो. चांदी एकाच बाजारातून दोन टोकांना वाहत होती.

आता कदंबांचे तांबे. 'पणजीचा ताम्रपट' म्हणून प्रसिद्ध असलेल्या, जयकेशी पहिला याच्या काळातील लेखात एक कथा आहे. कदंब राजा गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेस समुद्रमार्गाने निघाला. अर्ध्या वाटेवर गलबताची डोलकाठी मोडली आणि त्याला गोव्याच्या बंदराचा आसरा घ्यावा लागला. तेथे दर्यावर्दी व्यापाऱ्यांत सर्वांत धनाढ्य असलेल्या, ताजिक कुळातील मदुमद नावाच्या गृहस्थाने राजाला द्रव्यसाहाय्य केले. हे उपकार राजघराणे विसरले नाही. मदुमदाचा नातू सधन जयकेशीच्या पदरी मोठ्या अधिकारावर होता. त्याने गोव्यात मशीद उभारली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर घेण्याची राजाने परवानगी दिली. लेखात मशिदीला 'मिजिगिती' म्हटले आहे. सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिळाला अशी बिरुदे मिरविणाऱ्या राजाने हे केले.

मी हा लेख अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी मला त्यातील यात्रा अडवते. राजा सोमनाथास समुद्रातून चालला होता. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला! आणि आपण तर लहानपणापासून ऐकत आलो की सिंधुबंदी म्हणजे आपल्या धर्माचा अनादि नियम.

या नियमाचे कागद एकदा नीट पाहावेत. बौधायन समुद्रगमनाला दोष मानतो खरा, पण त्याच वेळी तो उत्तरेकडील लोकांचा आचार असल्याचेही नमूद करतो. मनुस्मृती सांगते की समुद्रयानात कुशल असलेल्यांनी व्याजाचा जो दर ठरविला असेल तो मान्य धरावा. याज्ञवल्क्य तर दर देऊन मोकळा होतो: रानवाटेने जाणाऱ्या ऋणकोकडून दरमहा शेकडा दहा, समुद्रावर जाणाऱ्याकडून शेकडा वीस. ज्या धंद्याचे व्याज शास्त्रात ठरलेले आहे, तो धंदा समाजात नव्हता असे कोणते न्यायालय मानील? समुद्रगमनाची कडक बंदी दिसते ती कलिवर्ज्यांच्या यादीत. समुद्रावर गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी संसर्ग नको, असा तिचा आशय. महामहोपाध्याय काणे हे स्वतः मुंबईच्या उच्च न्यायालयातील वकील होते. त्यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या तिसऱ्या खंडात या साऱ्या यादीची छाननी केली आहे. तिच्यातील प्रत्येक वर्ज्य गोष्ट पूर्वी कधीतरी विहित होती, म्हणून तर ती 'कलीत' वर्ज्य ठरवावी लागली. निषेध हा आचाराचा पुरावा असतो. दारूबंदीच्या खटल्यांत उभा राहिलेला कोणताही वकील हे सांगेल.

हेमाद्रीच्या शतकाच्या आगेमागे हे निबंधग्रंथ रचले जात होते आणि त्याच सुमारास एकसरच्या समुद्रात माणसे बुडत होती. ग्रंथ घरात राहिला, दगड देवळात. शिवाजीमहाराज १६६५ साली मालवणहून आरमार घेऊन बसरूरवर गेले आणि परतताना गोकर्णास महाबळेश्वराच्या दर्शनाला थांबले, तेव्हा त्यांना कोणी कलिवर्ज्य वाचून दाखविल्याचे ऐकिवात नाही. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेस जाऊन आलेल्या तरुणांना पंक्तीस घ्यावे की नाही, या प्रश्नावर कानडा किनाऱ्यावरच्या सारस्वतांत घरे फुटली, लग्ने मोडली. ज्यांच्या पूर्वजांची उपजीविका बंदरांवर झाली त्यांनी हे करावे, याला काय म्हणावे? माझ्याच आजोळी एका विलायतवाऱ्या केलेल्या मामांचे ताट शेवटपर्यंत वेगळे राहिले. त्यांना त्याचे फार वाईट वाटत नसे. ताट चांदीचे होते.

पण आपल्या दर्यावर्दी पूर्वजांचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. स्टॉकहोमच्या प्रदर्शनात वायकिंगांनी गुलामांचा व्यापार केला हे स्पष्ट लिहून गुलामांच्या लोखंडी बेड्या शेजारी मांडल्या होत्या. आपले दर्यावर्दी काय सारेच यात्रेकरू होते? तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याविषयी लिहितो की, तेथील चाचे राजाच्या संमतीने समुद्रावर निघत. करार असा, की लुटीतील घोडे राजाचे आणि बाकी माल त्यांचा. राजाला घोडे हवे होते, आणि ते समुद्रापलीकडूनच यावयाचे. एकसरच्या शिलेवर स्वर्गास चाललेला वीर धर्मयुद्धात पडला की अशाच एखाद्या लुटीत, हे दगड सांगत नाही. अप्सरा दोघांनाही सारख्याच सामोऱ्या येत असाव्यात.

आता घरची गोष्ट. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी, बारदेश आणि तिसवाडीतली देवळे मोडली तेव्हा आपल्या लोकांनी देव रात्री हलविले. कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. अंत्रुज महालातली ही देवळे आज आपण ज्या डामडौलात पाहतो, त्यांचा आरंभ अशा एका होडीतून झाला. होडीत जागा थोडी. देव नेले, दागिने नेले असतील, कागद थोडेफार नेले असतील. वीरगळ कोण नेणार? ते मागे राहिले. कोणी बांधाला लावले, कोणी विहिरीच्या काठाला, कोणी उंबऱ्याला. आणि जी देवळे मुळात पैलतीरीच होती तेथे ते 'वीर' म्हणून, कोठे 'म्हारू' म्हणून, कोठे नुसतेच 'फातर' म्हणून तेल-शेंदूर घेत उभे राहिले. शेंदराचे थर इतके चढले की आत माणूस आहे हे विसरले गेले.

आमच्या मूळ गावचे देवस्थान लहान आहे. त्याचे नाव येथे घेत नाही. तेथील महाजन या नात्याने मला जीर्णोद्धाराच्या सभेस बोलावणे आले. नकाशे तयार होते. जुने लाकडी खांब जाणार, संगमरवर येणार, तळीच्या पायऱ्या नव्याने बांधणार. तळीच्या काठी एक आडवा दगड आहे, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या कपडे धुतले गेले. कंत्राटदाराने तो फोडून पायरीच्या भरावास घालावयाचे ठरविले होते. मी तो उलटवून पाहण्याची विनंती केली. चार गड्यांनी पहार लावली. खालच्या अंगाला चिखलात, दोन अप्सरा आणि मधोमध एक हात जोडलेला पुरुष स्वच्छ दिसला. वर लिंग, त्यावर कलश, चंद्र आणि सूर्य. मात्र सर्वांत खालची पट्टी, जेथे त्याच्या मृत्यूची हकीकत असावयाची, दगडाच्या कडेपर्यंत झिजली आहे. तेवढा भाग पाण्याबाहेर राहून आपटधोपटीखाली येत असावा. तेथे आता एका ओळीत सात तिरप्या रेषा तेवढ्या उरल्या आहेत.

"वल्हीं मूं तीं, वकीलबाब?" अध्यक्षांनी विचारले.

ती वल्ही असतील, किंवा भाले असतील. वल्ह्याच्या रेषा बाहेरच्या बाजूस खाली झुकतात, भाल्याच्या वर. पण दोन्ही टोके झिजल्यावर झुकाव कोणत्या बाजूचा, हे ठरविता येत नाही. मी बोटे फिरवून पाहिली, उन्हाच्या तिरिपीत पाहिले, ओल्या फडक्याने पुसून पाहिले. निकाल देता आला नाही. सभेला मी एवढेच सांगितले की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने कोरीव शिल्प ही पुरावस्तू ठरते, तेव्हा तो फोडू नये. आणि पुरातत्त्व खात्याला पत्र लिहावे. एका तरुण सभासदाने विचारले की जहाज नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी? त्याला उत्तर वृद्ध भटजींनी दिले. ते म्हणाले, त्यांचे आजोबा दर अमावास्येला या दगडावर तेलाची धार सोडीत आणि कारण विचारले तर म्हणत, तो कोणीतरी परत आलेला नाही.

ठराव झाला तो असा, की पाषाण तूर्त देवळाच्या दक्षिण अंगास, ओवरीखाली, उभा करून ठेवावा. मी हैदराबादेस निघालो त्या सकाळी तो भिंतीला टेकवून ठेवलेला होता. कोणीतरी चिखल धुतला होता. सात रेषांच्या वर, अप्सरेच्या हातापाशी, एक जास्वंदीचे फूल खोचलेले होते, आणि तळीवर धुण्यासाठी आलेल्या बाया दगड कोठे गेला म्हणून गड्यांशी भांडत होत्या.